बेचाळीस किलोमीटरची पोरकी

वर्ध्याजवळ नालवाडीच्या आमच्या बालिकाश्रमात सकाळ व्हायची ती गिरजामावशीच्या गंजाच्या आवाजाने. वरणाचा तो गंज, म्हणजे पातेलं, एवढा मोठा, की तिच्या एकटीच्याने उचलला जायचा नाही. मग ती तो स्वयंपाकघराच्या फरशीवरून चुलीपर्यंत ओढत न्यायची. त्या खरखराटाने अर्ध्या पोरी उठायच्या आणि उरलेल्या अर्ध्या तिच्या शिव्यांनी. तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या होत्या, इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आम्ही पन्नासेक पोरी, एक हौद, तीन बादल्या, आणि थंडीत अंघोळीला कोमट पाणी मिळणार ते फक्त आजारी पोरीला. त्यामुळे हिवाळा लागला की रोज सकाळी चार-पाच जणी हमखास आजारी पडायच्या. मावशी त्यांच्या कपाळाला हात लावायची, "नाटकं करून राह्यल्या पोट्ट्या" म्हणायची आणि तरी तांब्याभर ऊन पाणी द्यायची. जेवायला तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, लसणाची चटणी, आणि रविवारी भात. आम्ही त्या वरणाला मनसोक्त नावं ठेवायचो. आता एसटीत कंडक्टरकी करून मी निवृत्तीला टेकले आहे, डेपोच्या गावांमधल्या सगळ्या खानावळी पालथ्या घातल्या आहेत, पण तसं वरण काही कुठे मिळालं नाही.

आश्रम सांभाळायच्या मोठ्या बाई. त्यांचं नाव आम्ही कधी घेतलं नाही आणि इथेही घेत नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, नोकरी सोडून या कामात पडलेल्या. पोरींची पंगत उठल्यावर गंजाच्या तळाला जे राहील ते त्या जेवायच्या. कधी काहीच राहायचं नाही, मग चहा आणि पाव. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकून लोक त्यांना सरळ वाईट ठरवून मोकळे होतात. माझ्या नवऱ्यानेही ठरवलं होतं. मी त्याला म्हटलं, तू पन्नास पोरींना एक महिना जेवू घालून दाखव, मग बोल. आश्रमात लहान पोरींची एक खोली होती, तिच्या छताचे कवेलू फुटलेले. पावसाळ्यात तिथे पाणी गळायचं आणि हिवाळ्यात वारा शिरायचा. मी दहावीत होते त्या वर्षी त्या खोलीतल्या दोन पोरींना निमोनिया होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. एक परत आली. दुसरी आली नाही. ती पाच वर्षांची होती, तिचं नाव पिंकी, आणि तिला माझ्या वेणीचं टोक धरून झोपायची सवय होती. त्यानंतर मोठ्या बाईंनी ठरवलं की पुढचा पावसाळा यायच्या आत त्या खोलीवर टिनाचं छत घालायचं, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागो.

आता माझं सांगते. मी अनाथ नव्हते. बाप कावीळ होऊन गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. माय होती, चांगली धडधाकट होती. आमचं गाव समुद्रपूरच्या रस्त्यावर, फाट्यापासून आत चालत अर्धा तास. शेत नाही, घर म्हणजे एक खोली. माय कापसाच्या दिवसांत वेचायला जायची आणि एरवी निंदायला, तण काढायला. वर्षभर तिने मला सोबत बांधावर बसवून ठेवलं. मग सरपंचाची चिठ्ठी घेऊन एसटीने नालवाडीला आणलं आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "हिले शिकवा. माह्यासारखं नोका होऊ देऊ." आश्रमात माझ्यासारख्या, एकटी आई नाहीतर एकटा बाप असलेल्या पोरी बऱ्याच होत्या. त्यांच्यासाठी नियम असा, की दहावी झाली की घरी जायचं. ज्यांचं खरोखर कोणीच नाही त्यांना पुढच्या शिक्षणापर्यंत राहता यायचं. नियम बरोबरच होता, जागाच कुठे होती. पण मला तो डोक्यावर टांगल्यासारखा वाटायचा. दहावीनंतर परत गाव, परत तो बांध, कंबरेला कापसाची ओटी, आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न. मायलाही तेच नको होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती भेटायला यायची. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, शेंगदाण्याचे लाडू, आंबाडीची भाजी असं काही पिशवीत असायचं. मी खात असताना ती माझी बोटं बघत बसायची. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी चरे पडलेले असतात. माझी बोटं गुळगुळीत बघून तिला बरं वाटायचं.

धावायचं कसं सुरू झालं तेही काही मोठं नाही. आश्रमाला दूध लांबून आणावं लागायचं आणि मला थंडी फार, म्हणून मी किटली घेऊन पळत जायची आणि पळत यायची. शाळेतले पीटीचे बोरकर सर सायकलवरून रोज मला बघायचे. एक दिवस त्यांनी सायकल माझ्या बरोबरीने चालवली आणि दूध सांडत नाही हे बघून म्हणाले, "पोरी, तुले दम लागत नाई का वं?" मला खरंच लागत नव्हता. मग तालुका, मग जिल्हा, अशा शर्यती झाल्या. एकदा कप मिळाला, तो मोठ्या बाईंच्या टेबलावर पेन ठेवायला गेला. त्या कपाचं मला कौतुक नव्हतं. मला धावणंच आवडायचं, कारण पन्नास पोरींच्या त्या घरात एकटं असण्याची ती एकच जागा होती.

छताच्या पैशांसाठी मॅरेथॉन काढायची, ही कल्पना बोरकर सरांची. बेचाळीस किलोमीटरची दौड, समुद्रपूरच्या बाजूने सुरू करून नालवाडीत संपवायची. समुद्रपूरच्या बाजारातूनच निघणार होतो, पण अंतर जास्त भरलं, म्हणून अलीकडचा एक फाटा धरला. धावणारे कॉलेजचे सहा मुलगे आणि मी. लोकांनी दर किलोमीटरमागे काहीतरी द्यायचं कबूल करायचं. वर्ध्यातल्या दुकानदारांनी पैसे कबूल केले, कापड दुकानवाल्याने किलोमीटरमागे एक टॉवेल, एका शेतकऱ्याने किलोमीटरमागे पायलीभर तूर. मी धावले नाही तर तूर नाही. हे ऐकून गिरजामावशी माझ्या ताटात रोज एक भाकर जास्त वाढायला लागली. आश्रमाचे अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले आणि मोठ्या बाईंना सांगितलं, की ही पोरगी पूर्ण धावली तर हिच्या कॉलेजचा खर्च मी करीन. फक्त, ते म्हणाले, ही अनाथ आहे ना? अनाथ मुलीसाठी म्हणून आमच्या आईच्या नावाने मदत ठेवायची आहे.

मोठ्या बाईंनी त्या संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं. मी उभी, त्या खुर्चीत. त्यांनी आधी पिंकीची गोष्ट काढली, मग छताची, मग माझ्या दहावीची. मला वाटलं आता अभ्यासावरून बोलणी बसणार. पण त्या बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मंदा, देणाऱ्याला अर्धं दुःख समजत नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी रागावणार नाही." त्या खरंच रागावल्या नसत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी मान डोलावली. आणि आता खोटं कशाला बोलू, मला फार वाईटही वाटलं नाही. उलट अंगात वारं भरल्यासारखं झालं. मला कॉलेज दिसायला लागलं. न्हाणीघरातल्या फुटक्या आरशासमोर उभी राहून मी पोरकी मुलगी कशी दिसते त्याचा चेहरा करून बघितला, डोळे खाली, ओठ थोडे आत घेऊन. तो चेहरा मला इतका छान जमला की मीच खूश झाले. त्या सोळा वर्षांच्या पोरीला आज माझ्या बसमध्ये बघितलं तर एक ठेवून द्यावीशी वाटेल.

मायला कळवायचं नाही हे मी एकटीने ठरवलं. दौड आमच्या फाट्यावरून जाणार होती, पण मी हिशेब केला, ऐन वेचणीचे दिवस आहेत, माय सकाळपासून शेतात असणार, रस्त्यावर कशाला येते. दौड रविवारी होती. वेचणाऱ्या बाईला कसला आलाय रविवार, तो तर मास्तरांचा आणि साहेबांचा. इथे मी फसले. आमच्या गावाजवळचा बाजार रविवारी भरायचा, आणि बाजाराच्या दिवशी मजुरी वाटतात, त्यामुळे त्या दिवशी वेचा बंद असतो. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी सात वर्षांत विसरले होते. आश्रमात राहून माझ्या डोक्यात रविवार म्हणजे भात आणि भेटीचा दिवस एवढंच उरलं होतं. माय दर महिन्याला रविवारी कशी येऊ शकते, कोणाची मजुरी बुडवून येते, की बाजार सोडून येते, त्या आठवड्याचं तेल-मीठ कधी आणते, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. मला वाटायचं भेटीचा नियम रविवारचा आहे म्हणून ती रविवारी येते.

सकाळी अंधार असतानाच जीपने आम्हाला सुरुवातीच्या फाट्यावर सोडलं. निघताना गिरजामावशीने मुठीत गूळ-शेंगदाणे कोंबले होते. तिथल्या टपरीवाल्याने सातही जणांना फुकट चहा दिला, आणि मला दोन. थंडी एवढी की बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. बोरकर सर सायकलवर पाण्याची बाटली घेऊन. मागे जीप, तिच्यावर भोंगा बांधलेला, आत मोठ्या बाई मांडीवर मदतीचा डबा घेऊन बसलेल्या, आणि भोंग्यावर बोलायला कॉलेजचा एक प्राध्यापक. त्याला आवाज चांगला होता आणि थांबायचं कळत नव्हतं. पहिले दहा किलोमीटर मी अगदी मजेत धावले. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, दंव पडलेलं, अधूनमधून एखादी बैलगाडी, कडेला उभी राहून बघणारी माणसं. प्रत्येक गाव आलं की भोंगा सुरू व्हायचा. मुलग्यांची नुसती नावं, आणि माझ्याबद्दल मात्र लांबलचक. ही मुलगी जन्मापासून पोरकी, हिचं या जगात कोणी नाही, ही आपल्या छोट्या बहिणींच्या छतासाठी धावते आहे. लोक जीपजवळ येऊन डब्यात टाकायचे. एका म्हातारीने माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि रडली. मी आरशातला तो चेहरा केला. तिसऱ्या गावापर्यंत मला तो करावा लागत नव्हता, आपोआप व्हायला लागला होता.

आमचा फाटा निम्म्याच्या थोडा अलीकडे येतो. लांबूनच मला रंगीत लुगड्यांचा घोळका दिसला, दहा-पंधरा बाया, हातात बाजाराच्या पिशव्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की आज बाजार. घोळक्याच्या पुढे, सगळ्यांच्या दोन पावलं पुढे, माय उभी होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, ते मी तिच्या अंगावर फक्त लग्नाकार्यात पाहिलं होतं. हातात तांब्या. मला पाणी द्यायचं म्हणून. तिला एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, की तुमची नालवाडीची पोरगी आश्रमासाठी धावणार आहे, आणि तिने वेचणाऱ्या सगळ्या बायांना गोळा करून आणलं होतं. त्यांनी प्रत्येकीने एक-एक किलो वेच्याची मजुरी आश्रमाला द्यायची असं ठरवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तिचे दात दिसले. माय हसताना पदर तोंडाला लावायची, त्या दिवशी तिने लावला नव्हता.

आणि भोंगा सुरू झाला. जन्मापासून पोरकी. या जगात कोणी नाही. आई नाही, बाप नाही. माझ्या आणि तिच्यामध्ये तेव्हा शंभर पावलं असतील. मला त्या बायांच्या माना मायकडे वळताना दिसल्या. तिचा तांब्याचा हात वर होता, तो हळूहळू खाली आला. हसणं गेलं नाही, ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, काय करायचं ते न कळल्यासारखं. बोरकर सरांनी तिला ओळखलं. त्यांनी सायकल माझ्या अगदी जवळ आणली आणि हळूच म्हणाले, "मंदा, थांबतं का?" त्यांनी विचारलं, हे त्यांचे उपकार. मी थांबू शकत होते. पाणी पिऊन, माय म्हणून, पाया पडून पुढे जायला मिनिटभर पुरलं असतं. मला जीप दिसत होती, जीपमधला डबा दिसत होता, कॉलेज दिसत होतं. मी मान हलवली आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने पुढे गेले. तिच्या बाजूला बघितलं नाही. अगदी खरं सांगायचं तर बघितलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून, आणि तिने मला हाक मारली नाही. साधी "मंदे" एवढीही नाही. तिने हाक मारली असती तर मी थांबले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगत नाही.

पुढचे बावीस-तेवीस किलोमीटर मी कसे धावले, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन मुलगे कडेला बसले, एकाला उलट्या झाल्या, त्याला जीपमध्ये घेतलं. माझ्या टाचा बुटात सोलवटल्या, पांढरा कॅनव्हास मागून लाल झाला. बोरकर सर सारखे म्हणत होते, सोड, सोड, पुरे झालं. ते धावण्याबद्दल म्हणत होते का आणखी कशाबद्दल, मला माहीत नाही. मला एवढंच वाटत होतं, की आता थांबले तर मागचं सगळं फुकट जाईल. नालवाडीत ढोल वाजत होते, पोरींनी रांगोळी काढली होती, अध्यक्षांनी हार घातला. कोणीतरी माईक तोंडाशी धरला आणि दोन शब्द बोल म्हणाले. समोर तीन-चारशे माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती. मी "धन्यवाद" म्हणाले आणि रडायला लागले. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडते आहे. टाळ्या इतक्या वाजल्या, की लहान पोरी घाबरल्या. गिरजामावशीने मला स्वयंपाकघरात नेलं, पाय कोमट पाण्यात ठेवले आणि पहिल्यांदाच एकही शिवी न देता बराच वेळ माझ्या टाचा धुवत बसली. फाट्यावरचं तिला कोणीतरी सांगितलं असणार.

फाट्यावर नंतर काय झालं, ते आमच्या गावच्या सारजाकाकूने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, माय गेल्यावर. मी पुढे गेले, तशी जीप बायांजवळ थांबली. बाया मायकडे बघत होत्या. मग माय म्हणाली, "ते दुसऱ्या पोरीचं सांगून राह्यले. माह्या मंदीचं नोय ते." पदराच्या गाठी सोडून तिने स्वतःची आणि सगळ्यांची मजुरी एकत्र केली, जीपकडे गेली आणि मोठ्या बाईंच्या डब्यात टाकली. दोघी समोरासमोर. सात वर्षं दर महिन्याला भेटणाऱ्या. मोठ्या बाईंनी हात जोडले, जसे सगळ्यांना जोडत होत्या तसे. मायनेही जोडले. सारजाकाकू म्हणाली, त्या दिवशी तुझी माय बाजारात गेलीच नाही. तांब्यातलं पाणी तिथेच बाभळीच्या बुडाशी ओतलं आणि घरी गेली. त्या रस्त्याने मी पुढे कितीतरी वेळा ड्यूटीवर गेले आहे. त्या फाट्यावर उतरणारं कोणी असलं, की मी घंटी जरा उशिरा वाजवते आणि ड्रायव्हर माझ्यावर ओरडतो.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार येईपर्यंत मी रोज मनातल्या मनात तिच्यापुढे उभी राहून बोलायची. सांगायचं होतं, की मला माफ कर, मी लालचीपणा केला, बाईंना सांगते आणि घरी येते. खरं सांगते, मी ते बोलणार होते. सकाळपासून खिडकीत बसले. इतर पोरींच्या आया आल्या, मामा आले, एकीचा बाप आला. दुपार झाली. मला वाटलं ती येत नाही आता, कधीच येत नाही. काळीज तुटत होतं आणि त्याच वेळी, लाज वाटते लिहायला, थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. मग ती फाटकात दिसली, पिशवी घेऊन, साध्या लुगड्यात. फाटकावर चौकीदाराची वही असायची, येणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायला. चौकीदार तिला चांगला ओळखत होता, त्याने न विचारताच लिहायला घेतलं. मायने त्याचा हात थांबवला. मी खिडकीत होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "माय नोका लिहू भाऊ," ती म्हणाली. "मावशी लिहा. तिले कोनी नाई. मी गावची मावशी हावो."

चौकीदार वेड्यासारखा बघत राहिला. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. त्या वहीपर्यंत आल्या, चौकीदाराच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने मावशी असं लिहिलं. मग मला बोलावणं आलं. मी महिनाभर घोकलेलं सगळं घेऊन खाली गेले. अंगणात पोरी होत्या, त्यांचे पाहुणे होते, अध्यक्षांच्या घरच्या दोन बाया नवीन छताचं मोजमाप बघायला आल्या होत्या. माय माझ्याकडे बघत होती, अगदी सरळ, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, की मी करून आणलेलं बिघडवू नको. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मावशी, केव्हा आलीस?" तिने मान डोलावली, शाब्बास म्हणावं तशी, आणि पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या. मी खाल्ल्या. माझ्या टाचा बऱ्या झाल्या का ते तिने बघितलं. बोटं बघितली. गाडीची वेळ झाली तशी उठली आणि गेली.

लहान पोरींच्या खोलीवर टिन चढलं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकही पोरगी आजारी पडली नाही, हेही मी लिहून ठेवते, कारण तेही खरं आहे. मी कॉलेजला गेले, अध्यक्षांच्या आईच्या नावावर. माय दर पहिल्या रविवारी मावशी म्हणून येत राहिली. कॉलेजच्या गॅदरिंगला आली, तेव्हाही मावशी. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझी मावशी किती जीव लावते गं. मला वाटायचं शिक्षण संपलं, की एकदाचं सगळं जाहीर करू. मोठ्या बाईंना मी एकदाच विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही का वाटत. त्या म्हणाल्या, "वाटतं ना. छत बघितलं की कमी वाटतं." त्या गेल्या तेव्हा मी खांदा दिला. त्यांच्यावर राग धरायचा मी खूप प्रयत्न केला, पण मान तर मीच डोलावली होती.

नोकरी लागली, खाकी कपडे मिळाले, आणि पहिल्या पगारात मी वर्ध्यात एक खोली घेतली. खाली किराणा दुकान, वर आमची खोली, घरमालकीण दुकानातच बसायची. मी गावी जाऊन मायला घेऊन आले. तिचं सामान म्हणजे एक गाठोडं आणि एक तवा. दुकानासमोर रिक्षातून उतरलो, तशा मालकीणबाई बाहेर आल्या. नवीन भाडेकरूची चौकशी करायचा त्यांचा हक्कच होता, त्यांनी मायकडे बघून विचारलं, ह्या कोण. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "मावशी लागतो मी तिची." सवयीने म्हणाली, गाठोडं सावरता सावरता. मग मी म्हणाले, भर रस्त्यात, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "काकू, मावशी नाही. माय आहे माझी. सख्खी माय."

वाटलं होतं ती रडेल, नाहीतर निदान हसेल. तिने माझा दंड घट्ट धरला, मला जवळ ओढलं आणि कानाशी लागून म्हणाली, "हळू बोल ना वं. कोनी आयकलं तं नोकरी जाईन तुही." मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना गंमत वाटली, त्या हसल्या. माय हसत नव्हती. ती दुकानातल्या माणसांकडे एकेक करून बघत होती, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.